पत्रा जोडताना घाई नको

महोदय,

पावसाळा संपला की कोकणातल्या गॅरेजांत गाड्यांचे गंजलेले पत्रे बदलण्याचे काम वाढते. गंज दिसतो त्याच्या पलीकडेही पत्रा आतून पातळ झालेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे आणि खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापावे. नवा तुकडा गंजावरच चिकटवला तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहते आणि पुन्हा तिथेच भोक पडते.

बाहेरचा पत्रा असतो जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा. सलग वेल्डिंग ओढले की तो तापून लाटेसारखा वाकतो. सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून केलेल्या जोडकामाने), ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरच्या तारेने, आधी इंच-दीड इंचावर टाके, म्हणजे ठिपक्याएवढे जोड, मारावेत. एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला.

दोन दारांमधल्या पिलरवर गॅसची ज्योत मात्र लावूच नये. आताच्या अनेक गाड्यांत तो अतिकणखर पोलादाचा असतो. लाल होईपर्यंत तापवला की ताकद जाते, वर रंग चकाचक दिसतो आणि बाजूने धडक बसली की तो आतल्या माणसाच्या अंगावर येतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवावी, सीट व गालिचा बाहेर काढावा, जवळ पेट्रोलची टाकी किंवा नळी असेल तर तीही उतरवावी. आत धुमसणारा फोम काम संपल्यावरही पेट घेतो, म्हणून अग्निशामक हाताशी हवाच. पत्र्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याचा पांढरा धूर ताप आणतो, मास्क लावावा.

जोडाच्या आतल्या बाजूला गंज रोखणारा मेणाचा थर फवारावा लागतो. तो दिसत नाही, म्हणून नेमका तोच टाळला जातो. ग्राहकांनी बिल देण्याआधी त्याबद्दल जरूर विचारावे.

– एक वाचक, चिपळूण