बतावणीतला आकडा

साकोली, जि. भंडारा
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी लिहिलेली तुझी विनोदी बतावणी वाचली. सोबत तू विचारलंस, "आपण काय पेपरवाले आहोत का, आकडे तपासत बसायला?" गड्या, अर्ध्या बतावणीपुरते आहोत.

राजकीय विनोदाला पाया असतो आणि उडी असते. 'सरकारनं अमुक केलं' हा पाया. त्यावर सोंगाड्या जे आभाळाला नेतो ती उडी. लोक उडीला हसतात आणि पाया खरा समजून घरी नेतात. म्हणून पाया बातमीइतकाच तपासलेला हवा. उडीला मात्र कोणी पुरावा मागू नये.

तुझा कास्तकार बायकोला म्हणतो, "क्विंटलमागे बोनस येते, तुले पाटल्या करतो." पायाच चुकला. धानाचा क्विंटलमागचा बोनस जुना झाला. २०२४-२५ च्या खरिपाला तो हेक्टरी २०,००० रुपये जाहीर झाला, तोही दोन हेक्टरपर्यंत. समोर बसलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. तो शेजाऱ्याला "चुकलं" म्हणेल आणि पुढची दोन वाक्यं त्याच्या कानावरून जातील. खऱ्या हिशेबात तर गंमत जास्त आहे: दीड एकरवाल्याच्या हाती बाराएक हजार, आणि बायको पाटल्यांचं माप द्यायला निघालेली. हमीभावही तू २,३०० लिहिलास, तो गेल्या हंगामाचा. यंदा, २०२५-२६ च्या हंगामाला, क्विंटलमागे साधारण धान २,३६९ आणि 'अ' दर्जा २,३८९. म्हणजे साधारण धानाच्या ४० किलोच्या कट्ट्याला ९४७ रुपये ६० पैसे. ते ६० पैसे सोंगाड्याच्या तोंडी दे, बघ काय होते.

एक रुपयातल्या पीक विम्याचा तुकडा काढ किंवा 'तेव्हा' म्हणून सांग. ती योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाच्या धानाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा आणेवारीत, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजात होतो; ती ५० पैशांच्या वर म्हणजे पीक बरं. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी ती तीनदा निघते, आणि अंतिम ३१ डिसेंबरच्या सुमारास येते. मंडईत तू "आमची आणेवारी ५० पैशांच्या वर काढली" म्हणशील तेव्हा अंतिम लागलेलीच नसेल. 'नजरअंदाज' हा एक शब्द घाल. तो शब्दच इतका बोलका आहे की त्यावर वेगळी कोटी करायची गरज नाही.

तपासायचं कसं? शासन निर्णय स्वतः उघडून वाच आणि त्याची तारीख वहीत आकड्यासमोर लिही. व्हॉट्सअॅपवर फिरणारं कात्रण पुरेसं नाही, त्यावरचं वर्ष बहुतेक कापलेलं असते.

पुढाऱ्याच्या तोंडी वाक्य घालताना जास्त जप. तो खरंच बोलला असेल तर शब्द जसेच्या तसे ठेव. सोंग असेल तर इतकं फुगव की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ते खरं वाटू नये. धोका मधल्या वाक्यात असतो, जे तो बोलला नाही पण बोलू शकला असता. कोणीतरी त्याची ३० सेकंदांची रील कापते आणि ती बातमी म्हणून फिरते. म्हणून वर्ष, आकडा आणि उडी एकाच वाक्यात बांध, म्हणजे कापणाऱ्याला वेगळं करता येणार नाही.

अमेरिकेत टीव्हीवर विनोदी कार्यक्रम करणारा जॉन ऑलिव्हर स्वतःला पत्रकार म्हणवत नाही, पण त्याच्याकडे माहिती तपासणारी माणसं असतात. २०१७ मध्ये त्यानं एका कोळसा कंपनीच्या मालकावर भाग केला. खाण कोसळण्याचं कारण सांगताना त्यानं सरकारी चौकशीचा अहवाल धरला, मालकाचं म्हणणं वेगळं आहे हेही सांगितलं, आणि मग भल्यामोठ्या खारीचं सोंग आणून मालकाला शिवी दिली. कंपनीनं दावा लावला. २०१८ मध्ये तो फेटाळला गेला. पाया कागदावर आणि उडी थेट खारीपर्यंत, दोन्ही पूर्ण.

पत्रकाराचा एक नियम मात्र तुला लागू नाही: दोन्ही बाजूंना सारखी जागा. सोंगाड्यानं समतोल धरला तर गंमत मरते. तुला कास्तकाराची बाजू घ्यायचा पूर्ण हक्क आहे.

आणि हे तपासायचं काम सरकारच्या हाती मुळीच जाऊ नये. केंद्रानं २०२३ मध्ये स्वतःच्या कारभाराबद्दलचा मजकूर खरा की खोटा ठरवायला तथ्य तपासणी कक्षाचा नियम आणला. विनोदकार कुणाल कामरा त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि तिसरे, आपल्या नागपुरात वकिली केलेले न्या. अतुल चांदूरकर, यांच्या मतानं सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. ज्याची खिल्ली उडवायची त्याच्याच हाती शिक्का गेला असता. बदनामीचं कलम मात्र आहेच, भारतीय न्याय संहितेचं ३५६. त्याच्या अपवादांत लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आहे, सद्भावनेनं केलेली टीका आहे. 'मी गंमत करत होतो' हा अपवाद नाही. वहीतल्या तारखा तिथंही कामी येतील.

तरीही चूक राहिलीच तर पुढच्या गावच्या प्रयोगात सोंगाड्याच्याच तोंडून दुरुस्त कर.

चौथ्या पानावरची तलाठ्याची नक्कल बेफाम झाली आहे, तिला हात लावू नको. आकडे बदललेली पानं तालमीआधी पाठव, रात्रीतून वाचून देतो.

तुझा,
विलास