प्रत्येक पुस्तकापुढे दोन सालं हवीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे विद्यापीठांतले पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलत आहेत. त्या निमित्ताने इंग्रजीच्या अभ्यास मंडळांपुढे एक मागणी ठेवायची आहे, म्हणून हे पत्र. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आणि नोकरी सांभाळून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए. करते आहे. ‘अमेरिकन साहित्य’ या पेपरात इतिहासाचं एक प्रकरण आहे. बहिःस्थांच्या हाती त्यासाठी असतं ते गाईड, आणि गाईडात असतो एक तक्ता. प्युरिटन काळ (म्हणजे इंग्लंडहून येऊन वसलेल्या कडव्या प्रॉटेस्टंट लोकांचा), क्रांतीचा काळ, रोमँटिक काळ, वास्तववाद, आधुनिकतावाद. प्रत्येक कप्प्यात चार-पाच नावं, नावांपुढे पुस्तकं, पुस्तकांपुढे सालं. तो पाठ करायचा आणि परीक्षेत टिपा लिहायच्या.

तक्त्यातली सालं बरोबर आहेत. तरीही त्यातून उभं राहणारं चित्र खोटं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. तक्ता बघून वाटतं की अमुक साली पुस्तक आलं, लोकांनी ते वाचलं, ते थोर ठरलं आणि त्यातून पुढचं साहित्य निघालं. अमेरिकेत निदान माझ्या पेपरातल्या निम्म्या पुस्तकांच्या बाबतीत असं काही घडलेलं नाही.

हर्मन मेलव्हिलचं ‘मोबी-डिक’ घ्या. साल १८५१. पुस्तक पडलं. पुढे मेलव्हिलने १८६६ ते १८८५ अशी जवळपास वीस वर्षं न्यूयॉर्कच्या बंदरावर जकात निरीक्षकाची नोकरी केली आणि १८९१ साली तो वारला तेव्हा वाचक त्याला विसरून गेले होते. १९०० साली हार्वर्डचे प्राध्यापक बॅरेट वेंडेल यांनी अमेरिकेचा जाडजूड साहित्येतिहास लिहिला. त्यात मेलव्हिलच्या वाट्याला काय आलं? सुरुवात आश्वासक होती, पण ती फळाला आली नाही, एवढाच निर्वाळा. मग १९२१ साली रेमंड वीव्हर यांनी त्याचं चरित्र लिहिलं, १९२३ साली डी. एच. लॉरेन्स या इंग्रज कादंबरीकाराने त्याच्यावर लिहिलं, १९२४ साली ‘बिली बड’ हे त्याचं हस्तलिखितातच राहिलेलं लेखन प्रथमच छापून आलं. पहिल्या महायुद्धातून बाहेर पडलेल्या पिढीला हा लेखक आपला वाटला. म्हणजे ‘मोबी-डिक’ जितकं १८५१चं, तितकंच १९२०च्या दशकाचं आहे. गाईडात मात्र फक्त १८५१.

एमिली डिकिन्सनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तिने जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या. हयातीत छापून आल्या त्या जेमतेम दहाएक. १८८६ साली ती गेल्यावर बहिणीला कवितांचा साठा सापडला. त्यांतल्या कित्येक तिने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या छोट्या वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. १८९० साली पहिलं पुस्तक निघालं, पण संपादकांनी तिच्या ओळींतल्या ठिकठिकाणच्या आडव्या रेघा (डॅश) काढून टाकल्या, यमकं गुळगुळीत केली, कवितांना मथळे दिले. तिने लिहिलं तसं वाचकांना मिळायला थॉमस जॉन्सन यांच्या १९५५च्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. आम्हाला परीक्षेत तिच्या आडव्या रेघांवर टीप विचारतात. त्या रेघा साठ-पासष्ट वर्षं वाचकांपासून दडलेल्या होत्या, हे ठाऊक नसताना लिहिलेल्या टिपेला काय अर्थ आहे?

आणि मुळात कप्प्यात कोणाला बसवायचं, हे कोणी ठरवलं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या साहित्याच्या बहराला ‘अमेरिकन रेनेसान्स’ म्हणतात. हे नाव रूढ झालं एफ. ओ. मॅथिसन यांच्या १९४१च्या ग्रंथामुळे. १८५० ते १८५५ ही पाच वर्षं मध्यभागी ठेवून त्यांनी पाच लेखक निवडले : इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. ग्रंथ मोठ्या ताकदीचा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण याच पाच वर्षांत, १८५२ साली, हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ आली आणि पहिल्याच वर्षात एकट्या अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. हॉथॉर्न तर १८५५ साली आपल्या प्रकाशकाला पत्रात चिडून लिहितो की देश लिहित्या बायकांच्या टोळीने व्यापला आहे. अख्खा देश ज्या बायकांची पुस्तकं वाचत होता, त्यांच्यातली एकही त्या पाचांत नाही. १९८०च्या दशकात जेन टॉम्पकिन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न लावून धरला. १९९० साली पॉल लॉटर यांच्या संपादनाखाली ‘हीथ अँथॉलॉजी’ ही अमेरिकन साहित्याची निवडक वेच्यांची जंत्री निघाली, तिची सुरुवातच मूळ अमेरिकन जमातींच्या मौखिक कथा-गीतांपासून होते. प्युरिटन लोक त्यानंतर येतात. आमचं गाईड अजून त्यांच्यापासूनच सुरू होतं.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते हॅरिएट जेकब्सने. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टन गावची ही गुलाम स्त्री. मालक अंगचटीला येत होता, त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर लपली. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जिथे सर्वांत उंच तिथे तीन फूट. उभं राहणं शक्यच नाही. तिथे ती जवळजवळ सात वर्षं राहिली. गिरमिटाने फळीला भोकं पाडून रस्त्यावरून जाणारी स्वतःची मुलं बघायची. हाक मारायची सोय नव्हती. पुढे ती उत्तरेकडे निसटली आणि १८६१ साली लिंडा ब्रेंट या टोपणनावाने तिचं आत्मकथन छापलं गेलं. संपादन लिडिया मारिया चाइल्ड या नावाजलेल्या गोऱ्या लेखिकेचं. झालं! नंतरच्या काळात बऱ्याच जणांनी धरून चाललं की हे चाइल्डबाईंनीच रचलं असणार. १९७२ साली जॉन ब्लासिंगेम यांनी, म्हणजे ज्यांनी गुलामांच्या समाजजीवनावरच पुस्तक लिहिलं त्या इतिहासकारांनीही, हे कथन विश्वसनीय मानलं नाही. मग जीन फेगन येलिन या संशोधिकेने रोचेस्टर विद्यापीठात जपलेली जेकब्सची पत्रं धुंडाळली. एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेल्या त्या पत्रांत जेकब्स स्वतःच्या पुस्तकाच्या लेखनाबद्दल सांगत होती. येलिन यांचा लेख १९८१ साली आला, सप्रमाण आवृत्ती १९८७ साली. एका बाईने आपलं आयुष्य स्वतः लिहिलं, हे जगाने मान्य करायला सव्वाशे वर्षं लागली.

गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथनही दीर्घकाळ बाजारात नव्हतं. बेंजामिन क्वार्ल्स यांनी संपादित केलेली हार्वर्डची आवृत्ती आली १९६० साली. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय कादंबरीकार त्याच वर्षी वारली आणि तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकर यांनी बसवला.

मराठी विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, ती तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आठवण म्हणून. १९७८ साली दया पवार यांचं ‘बलुतं’ आलं, १९८६ साली बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं आणि दलित आत्मकथनांवरून ‘हे साहित्य की नुसता सामाजिक दस्तऐवज’ असा वाद आपल्याकडे रंगला. ‘जिणं आमुचं’ आणि येलिन यांची आवृत्ती यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : कोणाचं लिहिणं साहित्य म्हणून मोजायचं? आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींच्या घरात या प्रश्नाचं उत्तर जगलेली माणसं आहेत. त्यांना ‘प्युरिटन साहित्याची वैशिष्ट्ये’ पाठ करायला लावून आपण त्यांच्या हातातलं हत्यार काढून घेतो.

तेव्हा अभ्यास मंडळांना विनंती अशी. इतिहासाच्या प्रकरणात प्रत्येक पुस्तकापुढे दोन सालं द्या : एक ते लिहिलं किंवा छापलं गेल्याचं आणि दुसरं अभ्यासकांनी त्याला मानाने जागा दिल्याचं. मधल्या काळात काय झालं, यावर परीक्षेत निदान एक प्रश्न विचारा. अंतर्गत मूल्यमापनात प्रत्येक विद्यार्थ्याला एका पुस्तकाच्या आवृत्त्यांचा माग काढू द्या. खेड्यातल्या कॉलेजात हे कसं जमणार, असं कोणी म्हणेल. जेकब्सचं संपूर्ण पुस्तक नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या संग्रहात विनामूल्य वाचता येतं, आणि डिकिन्सनची हस्तलिखितं हार्वर्डच्या पुढाकाराने झालेल्या ऑनलाइन संग्रहात आहेत. मी दोन्ही मोबाइलवरच पाहिली. डिकिन्सनच्या अक्षरातल्या त्या रेघा, कुठे वर चढलेल्या, कुठे खाली उतरलेल्या, बघितल्या की छापील कविता पुन्हा पहिल्यापासून वाचावीशी वाटते.

आणखी एक. माझ्या पेपराच्या संदर्भग्रंथांच्या यादीत एकही मराठी पुस्तक नाही. जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ १९७०च्या दशकातच मराठीत आला आहे. दुर्गा भागवतांनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आहे. पेपर इंग्रजीचा असला तरी ही पुस्तकं यादीत घ्यायला कोणती अडचण आहे, हे मंडळांनी सांगावं.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, विटा (जि. सांगली)