प्रवेशाच्या निर्णयात अधिसेविकेचा शब्द अखेरचा असावा

मा. संपादक,
महोदय,

दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांविषयी वृत्तपत्रांतून लिहिले जाते तेव्हा चर्चा बहुधा इमारत, शुल्क आणि अधूनमधून उघडकीस येणारी हेळसांड यांच्याभोवतीच फिरते. तेथील परिचर्या विभागाची प्रमुख असलेली अधिसेविका (बोलीत मेट्रन) कोणत्या अधिकारावर हा विभाग चालवते, हे सहसा कोणी विचारत नाही. असा विभाग सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नव्या व्यक्तीला दाखल करून घ्यायचे की नाही, याबाबत तिचा शब्द अखेरचा असला पाहिजे.

खाट रिकामी आहे एवढ्यावर व्यवस्थापन प्रवेश देते. परंतु काठी टेकत का होईना, स्वतः न्हाणीघरापर्यंत जाणारे आजोबा आणि नाकातील नळीने अन्न घेणाऱ्या, कूसही बदलू न शकणाऱ्या आजी या दोघांची नोंद 'एक खाट' अशीच होते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा रूढ संकेत धरला तर ते दिवसातून 12 वेळा करावे लागते. अशा दहा व्यक्ती असल्या, प्रत्येक वेळी दोघांचे हात लागले आणि अवघी 5 मिनिटे गेली, तरी चोवीस तासांत मनुष्यबळाचे 20 तास, म्हणजे आठ तासांच्या अडीच पाळ्या, केवळ या एका कामात खर्च होतात. अंघोळ, भरवणे, औषधे, मलमपट्टी आणि नोंदवह्या यांचा हिशेब तर अजून सुरूही झालेला नसतो.

हे काम चुकले की शय्याव्रण होतात. माकडहाडापाशी किंवा टाचेवर दाबल्यावरही न जाणारी लाली ही त्यांची पहिली खूण. सावळ्या त्वचेवर ती दिसतही नाही, म्हणून हात लावून ऊब आणि कडकपणा पाहावा लागतो. घाई असली की नेमके हेच राहते. हा धोका आधी ओळखण्याचे साधनही नवे नाही. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेडन मापनश्रेणीत सहा निकषांवर 6 ते 23 गुण दिले जातात आणि गुण जितके कमी तितका धोका अधिक मानला जातो. ही तपासणी प्रवेशानंतर फाईल पूर्ण करण्यासाठी उरकली जाते. ती प्रवेशापूर्वी व्हावी आणि त्या वेळच्या पाळीला हा भार पेलेल की नाही, हे अधिसेविकेने ठरवावे.

रुग्णालयात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. येथे ते ठरल्या वेळी येऊन जातात. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग अनेकदा तापाविना, नुसत्या गोंधळलेपणातून, जेवण नाकारण्यातून किंवा अचानक पडण्यातून प्रकट होतो. 'आजी आज नेहमीसारख्या वाटत नाहीत' हे सर्वांत आधी रोज भरवणाऱ्या मावशींच्या लक्षात येते. मात्र त्या मावशींना त्या आजींजवळ दहा मिनिटे बसता आले पाहिजे आणि पाळी बदलताना त्यांचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले पाहिजे. (निवासी पडल्याची खबर देणाऱ्यालाच जेथे नोटीस मिळते, तेथे पुढची खबर येत नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.)

खाटा रिकाम्या ठेवल्या तर संस्था चालणार कशी, हा व्यवस्थापनाचा प्रश्न खोटा नाही. त्यांना अधिसेविकेचा नकार फिरवायचा असेल, तर तसा मार्ग जरूर ठेवावा. मात्र त्याचे कारण लेखी नोंदवून त्याखाली निर्णय घेणाऱ्याने स्वतःची स्वाक्षरी करावी आणि वाढलेल्या कामासाठी त्याच दिवसापासून जादा माणूस द्यावा. आज स्वाक्षरी कोणाचीच नसते आणि पुढे व्रण झाला की खुलासा तेवढा अधिसेविकेकडून मागवला जातो. नातेवाइकांनीही केंद्र पाहायला जाताना खोलीबरोबरच रात्रपाळीला किती माणसे असतात आणि त्यांच्याकडे कूस बदलाव्या लागणाऱ्या किती व्यक्ती आहेत, एवढे विचारून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिसेविका