मेळाव्याला न येणाऱ्यांचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पानावर रोजगार मेळाव्याची बातमी आली. फोटोत व्यासपीठ, पाहुण्यांचे फेटे आणि नियुक्तिपत्रे हातात धरलेली चार हसरी मुले. मुलांचे मनापासून अभिनंदन. पण माझी सगळी नोकरी एका जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात, लोकांच्या भाषेत ‘एम्प्लॉयमेंट’मध्ये, कारकुनी करण्यात गेली. त्यामुळे असा फोटो पाहिला की यात कोण नाही, हेच मी आधी बघतो.

आमच्याकडे एक पद्धत होती. नावनोंदणीचे कार्ड वेळच्या वेळी रिन्यू करावे लागे. केले नाही तर ज्येष्ठता गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रिन्यूअलला न आलेल्यांची कार्डे आम्ही पेटीतून काढायचो आणि सुतळीने गठ्ठा बांधून रेकॉर्डला टाकायचो. यातल्या कोणाला नोकरी लागली म्हणून तो आला नाही आणि कोण कंटाळून यायचाच थांबला, हे आम्ही कधी पाहिले नाही. गठ्ठा दोघांचा एकच. मी स्वतः असे किती गठ्ठे बांधले असतील! तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करतो.

१९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा आम्हाला कळवणे सक्तीचे होते. कळवणे सक्तीचे, आमच्याच यादीतला माणूस घेणे नव्हे. तरी मुलाखतीचे कॉल निघायचे, पोस्टमन ते घरी नेऊन द्यायचा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या आमच्या यादीवर भागवू नका, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. न्याय म्हणून ते योग्यच होते, यादीत नाव नसणाऱ्यालाही संधी मिळाली. पण दारात येणारा तो कागद हळूहळू बंद झाला. आता सगळे सरकारी पोर्टलवर. ज्याला गरज त्याने शोधत यावे, असा एकूण कारभार.

चार-चार वर्षे घरी बसलेला माणूस शोधत येत नाही. तो सरकारी आकड्यांतही सापडत नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातून एक तास काम केले तरी माणूस ‘रोजगारात’ धरला जातो. आणि ज्याने काम शोधणेच सोडले तो बेरोजगारही नाही, तो थेट ‘श्रमशक्तीबाहेर’. आमचा सुतळीचा गठ्ठा फक्त इंग्रजीत गेला, दुसरे काय!

निवृत्तीनंतर मी, आयटीआयचे एक निवृत्त निदेशक आणि बचत गटाच्या एक ताई असे तिघे आठवड्यातून दोन संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागातल्या चार गल्ल्यांत फिरतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. सुरुवातीला आम्ही ‘घरात कोणी बेकार आहे का?’ असे विचारायचो. एका घरातूनही ‘हो’ आले नाही. पुरुष म्हणायचे, ‘बघतोय की ओ,’ किंवा ‘चालू आहे काहीतरी.’ मग ताईंनी आम्हा दोघांना कट्ट्यावर बसवले आणि दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांशेजारी स्वतः जाऊन बसल्या. तासाभरात खरी यादी तयार. ‘सकाळी डबा घेऊन निघतेत, वाचनालयात बसून परत येतेत. मुलांना सांगितलं नाही अजून.’ हे काम कुठल्याही अर्जाने झाले नसते.

त्या यादीतले एक जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. वय ४३, कामात हात बसलेला. कारखाना बंद पडला त्याला चार वर्षे झाली होती. पोर्टलवर नाव घालायला बसलो तर ओटीपी येईना. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. ‘मागं एकदा इथंच अडकलं, मग सोडून दिलं,’ म्हणाले. एवढ्याशा गोष्टीने माणूस अडतो यावर आमच्या निदेशकांचा विश्वास बसेना. मला बसला, कारण फोटो नाही म्हणून मी खिडकीवरून किती जणांना परत पाठवले आहे ते मला ठाऊक आहे. नंबर बदलून घ्यायला ताई त्यांच्याबरोबर गेल्या. निदेशकांनी ओळखीच्या एका मेंटेनन्स ठेकेदाराकडे शब्द टाकला. जॉबर कामावर लागले.

आणि पाचव्या दिवशी घरी बसले.

आम्ही चिडलो. निदेशक तर म्हणाले, काम नकोच असते या लोकांना. ताईंनी जाऊन विचारले. पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. तोवर एमआयडीसीला जायचे रिक्षाचे पैसे रोज आणायचे कुठून? उधारीची दारे चार वर्षांत संपलेली. शिवाय नवे मशीन हातात बसेना आणि वीस वर्षांनी लहान सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. रिक्षाभाड्याचे कारण तेवढे सांगण्यासारखे, म्हणून ते सांगितले. तेव्हापासून आम्ही एका स्टीलच्या डब्यात थोडे पैसे ठेवतो. पहिल्या पगारापर्यंत भाड्याला उसने द्यायचे आणि पगार झाला की परत घ्यायचे. नव्या माणसाला पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा फोनही करतो. जॉबर दुसऱ्या ठिकाणी टिकले आहेत. डब्यातले सगळे पैसे परत येतात असे मात्र नाही.

सगळीकडे जमते असेही नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता तेहतिशी गाठलेल्या एका मुलाने मला सरळ विचारले, ‘काका, तुमचा मुलगा पुण्यात सेटल आहे ना?’ आहे. मी काय बोलणार? दार लागले.

वयाचेही पाहा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची अट १८ ते ३५ वर्षांची. मेळाव्यातल्या स्टॉलवर तर तिशीच्या वरचा बायोडाटा बाजूच्या ढिगात जातो. आमच्या यादीत निम्म्याहून अधिक माणसे चाळिशीच्या पुढची आहेत.

घरोघर जाणे आपल्या प्रशासनाला येत नाही असे कोणी म्हणू नये. पल्स पोलिओची माणसे दारावर खडूने खूण करून जातात, घर बंद असले तर पुन्हा येतात. आशाताईंना कोणत्या घरात कितवा महिना चालू आहे हे तोंडपाठ असते. त्यासाठी यादी आहे, थोडा का होईना मोबदला आहे, आणि राहिलेल्या घराचा जाब विचारणारा वरिष्ठ आहे. प्रत्येक प्रभागात त्याच वस्तीतली, बचत गटातली एखादी बाई रोजगारासाठी अशी नेमायला काय हरकत आहे? मानधन देऊन, फुकट नव्हे. आम्ही तिघे पेन्शनीवर फिरतो, ते सगळ्यांकडून अपेक्षित धरता येत नाही.

पैशाचा प्रश्न निघेल, म्हणून आठवण करून देतो. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये लागू झाला तो रोजगार हमीला पैसा उभा राहावा म्हणून. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्याला उपयोगी पडली, १९७७ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने काम मागायचा हक्क खेड्यातल्या माणसाला मिळाला. बंद कारखान्यातला शहरी कामगार तेव्हाही त्याच्या बाहेर होता आणि आजही आहे.

एक विनंती आपल्याकडेही. त्या मेळाव्यात किती नियुक्तिपत्रे वाटली हे आपण ठळक छापलेत. तीन महिन्यांनी आपल्या बातमीदाराला पुन्हा पाठवा आणि त्यांतले किती जण अजून कामावर आहेत, हेही त्याच पानावर छापा. फोटो नसला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त सेवायोजन कर्मचारी,
सोलापूर