मंगे, तो सातवा रकाना उडव

प्रिय मंगल,

फराळाची पोच दिली नाही, तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, तेव्हा जी काही बोलणी खायची ती भेटल्यावर एकदमच खाईन. गुडघा तसाच, साखर ताब्यात. झालं आरोग्य.

लिहायला बसले ते तुमच्या कार्यशाळेतल्या प्रगतीपत्रकाच्या कच्च्या नमुन्यावरून. तो फिरत फिरत आमच्या केंद्राच्या ग्रुपवर आला. वर कुणाचं नाव नाही, पण 'मुलाच्या कलाने' तीनदा आणि अर्धविरामांची ती उधळण पाहून वेगळं विचारावं लागलं नाही. नाना म्हणाले, "मंगलचाच. रकाने मोजा, एक जास्त असणार." आहे. सातवा. 'मुलाचे स्वतःविषयीचे मत', आणि त्याखाली 'सोबत्याचे मत'.

नमुना चांगला आहे गं, म्हणूनच भीती वाटते. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हाही कागद असाच गोड होता. पहिली-दुसरीला आकारिक (वर्गात चालता चालता केलेलं) 70, संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) 30. सातवी-आठवीला 40 आणि 60. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं, आणि जोडीला वर्णनात्मक नोंदी. आता जरा हिशेब कर. 28 मुलांचा पहिलीचा वर्ग धर. विषय सहा, सत्रं दोन: 336 नोंदी. वर विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक हे तीन रकाने दोन्ही सत्रांना, म्हणजे आणखी 168. एकूण 504. द्विशिक्षकी शाळेत बाईंकडे दुसरा वर्गही असतोच. मग काय होतं ते तुला ठाऊक आहे. तयार नोंदींची पीडीएफ येते. 'कृतीत आनंदाने सहभागी होतो', 'वाचताना अडखळतो', 'गृहपाठ नियमित करतो'. बाई वरून खाली उतरवत जातात, मुलींच्या ओळीला आल्या की 'होतो'चं 'होते' करतात. आमच्याकडे एका नोंदवहीत तेवढंही राहिलं होतं. अख्खा वर्ग मुलग्यांचा.

बाई आळशी आहेत म्हणून हे होत नाही. तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखाच्या गळ्यात शाळा डझनभर, हातात अर्धा दिवस. रकाना भरलाय की कोरा, हे एका मिनिटात दिसतं. नोंद खरी आहे का, हे पाहायला मुलाशेजारी बसावं लागतं. जे तपासलं जातं तेच भरलं जातं.

नोंद म्हणजे काय, ते वजाबाकीवरून बघ. 52 वजा 27. एक मुलगा 35 लिहितो, दुसरा 26. पहिल्याला 2 तून 7 जात नाहीत, म्हणून तो बिनदिक्कत 7 तून 2 काढतो. दशक सुटा करायचा असतो हेच त्याच्या गावी नाही. दुसऱ्याने दशक बरोबर सोडवला, 12 तून 7 काढताना बोट चुकलं. पहिल्याच्या हातात पाच गट्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या, एका गट्ठ्याचं रबर त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, चार गट्ठे आणि बारा काड्या त्यालाच मोजू द्यायच्या. मग 27 उचलायला सांगायचे. हे दोन-तीन दिवस चालतं, आणि पाटीवरची मांडणी तोवर बंद. मध्येच पाटी आली की तो पुन्हा 35 वर जातो. दुसऱ्याला काड्या नकोतच, त्याला 11 ते 18 मधून एक अंकी संख्या काढण्याचा तोंडी सराव पुरतो. 'वजाबाकीत चुका करतो' ही नोंद दोघांनाही लागू पडते आणि दोघांच्याही कामाची नाही. राज्याच्या नियतकालिक चाचणीत दोघांना शून्य, मार्क भरायच्या चॅटबॉटमध्ये दोघांचं शून्य सारखंच. तुझ्या नमुन्यात तर वर्तनविधानं, म्हणजे तयार वाक्यं, निवडायची यादीच दिली आहे. ती यादी उद्याची पीडीएफ आहे, मंगे.

आता तू डोळे वटारशील. आपलं भांडण जुनं आहे, वसतिगृहाच्या गच्चीवरचं. तुझं म्हणणं, मोकळीक दिली की कामचुकार झोपतो, आणि झळ बसते ती वाडीवरच्या पोराला. यात तू खोटी नाहीस. पाचवीतल्या मुलाला ओळ वाचता येत नाही हे बाहेरच्या चाचणीनेच उघडं पडतं, आणि पुस्तक आणि दुपारची खिचडी सरकारनेच पोचवली. पण राज्याला आकडे हवेत म्हणून प्रत्येक मुलाचा प्रत्येक मार्क कशाला लागतो? डिसेंबर 2024 मधलं परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांतच झालं. जिल्हा कुठे आहे ते तेवढ्यावरून कळतं. राज्याच्या प्रश्नाला निवडक शाळा पुरतात, वर्गाच्या प्रश्नाला बाईंची नोंद लागते. एकाच कागदाकडून दोन्ही मागितलं की नोंद मरते आणि आकडाही खोटा होतो, कारण ज्या मार्कांवरून आपल्यालाच जाब विचारला जाणार ते कमी कोण भरेल?

डहाणूजवळच्या कोसबाडचंच बघ ना. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे पोरं जिथे तिथे शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये 'बालकेंद्री' पद्धत लिहिलीय, कृतीतून आणि शोधातून शिकणं लिहिलंय. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, स्वच्छतागृहं, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. आणि मान्यतेविना शाळा चालवली तर लाखापर्यंत दंड. कुंपण असायला हरकत नाही, स्वच्छतागृह तर हवंच. पण कुरणशाळेला सरकारी शाळा-नोंदीचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक कुणी दिला असता? ताराबाईंच्या अंगणवाडीचंही तेच. 1975 ला बालविकास योजना आली, नाव देशभर पोचलं, वजनकाटा आणि पोषण आहार पोचला, तो हवाच होता. ताराबाईंचं खेळसाहित्य मात्र बहुतेक ठिकाणी कपाटात, कारण वजनाचं रजिस्टर आहे, खेळाचं नाही. (म्हणून खेळाचं रजिस्टर काढू नका, पाया पडते.)

तर छपाईला जायच्या आधी एवढं बघ. मुलामागे सत्रात चारच नोंदी ठेव, विषय बाईंनी निवडावा. रोज पाच मुलं नेमून घ्यायची, पाठकोऱ्या चिठ्ठीवर दोन ओळी: मुलाने काय केलं किंवा म्हटलं, आणि उद्या त्याला काय द्यायचं. दुसरी ओळ नसेल तर ती नोंद धरू नये. 28 मुलं सहा दिवसांत होतात. 'अजून पाहिलं नाही' लिहायची मुभा दे, नाहीतर लोक थापा मारतात. नोंदी अपलोड होणार नाहीत, वर्गातच राहतील. तपासणीला आलेल्याने कुठल्याही तीन मुलांच्या चिठ्ठ्या काढाव्यात आणि तेच काम मुलाकडून करून घ्यावं. अर्धा तास लागतो. आणि यादी काढून टाक, सगळीच.

सातवा रकाना उडवच. पहिलीचं मूल लिहू शकत नाही, म्हणजे त्याचं मत बाईच लिहिणार, सोबत्याचंही बाईच. एकाच निळ्या पेनाने तिघांची मतं, आणि ती जुळतात म्हणून कुणीतरी सभेत कौतुक करणार.

तुझं काय? घराचा ताबा मिळाला का? जावई बरा निघाला असं वहिनींकडून कळलं, बाकी तपशील तू दे. बापूला सांग, त्याच्या बदलीचं मी विसरले नाही. मे महिन्यात ये, पण पापड घेऊन, तुमच्या संस्थेचा अहवाल घेऊन नको.

तुझी,
सुनी

ता. क. चौथ्या पानावर 'सर्वांगिण' छापलंय. तुझ्या नजरेतून सुटलं? 'सर्वांगीण' कर, नाहीतर नाना वर्षभर ऐकवतील.