पाळ्यांचे चक्र उलटे फिरवू नका

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला झोपेवरचा लेख वाचला. 'सात-आठ तास झोपा, लवकर निजा, लवकर उठा' या सल्ल्यात चूक काही नाही, पण वाचताना हसू आले. नोकरीची 26 वर्षे मी तीन पाळ्यांत काढली. रात्रपाळीवाल्याने लवकर निजायचे म्हणजे किती वाजता, सकाळी सातला?

निजायचो तसाही. खिडकीला जाड पडदा, घरातली माणसे चवड्यांवर चालायची, संध्याकाळपर्यंत काम नाही. तरी साडेअकराच्या सुमारास टक्क जाग यायची. डोळे चुरचुरताहेत, अंग मोडून आले आहे, झोप मात्र पळालेली. 'होईल सवय' असे जुने लोक सांगायचे. ती कधीच झाली नाही आणि खोट आपल्यातच असावी, असे मी बरीच वर्षे धरून चाललो.

कारण पुढे वाचनातून उमगले. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागरणाची थकबाकी: जितका वेळ जागे राहू तितके मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. (चहा-कॉफीतले कॅफीन अडेनोसिनची फक्त जागा अडवते, बाकी फेडत नाही.) दुसरे शरीराचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू एकमेकांना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचा एक पुंजका ते चालवतो. शरीराचे तापमान पहाटे सर्वात खाली जाते आणि मग चढू लागते. कॉर्टिसॉल हे शरीराला कामाला लावणारे संप्रेरकही सकाळी वाढलेले असते. रात्रपाळीचा माणूस उशीला डोके टेकतो ते नेमके शरीराचा दिवस उजाडताना. थकबाकीचे दोन-तीन हप्ते फिटले की घड्याळ त्याला उठवून बसवते. त्यात घरी येताना सकाळचे ऊन डोळ्यांत गेलेले असते आणि हे घड्याळ लावले जाते ते मुख्यतः डोळ्यांतून आलेल्या उजेडानेच. म्हणून तास मोजून भागत नाही. ते तास घड्याळाच्या कुठल्या काट्यावर पडतात तेही पाहावे लागते.

आणखी एक गंमत. हे घड्याळ बरोबर 24 तासांचे नाही. 1962 मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळाविना दोन महिने एका गुहेत राहिला. बाहेर येण्याची वेळ झाली तेव्हा त्याचा तारखांचा हिशेब जवळजवळ 25 दिवस मागे पडला होता. शरीराची झोप-जागेची फेरी मात्र 24 तासांच्या थोडी पुढे, अशी जवळपास नियमित चालली होती. पुढे 1999 मध्ये चार्ल्स झाइस्लर या अमेरिकी झोप-संशोधकांच्या गटाने काटेकोर मोजमाप केले तेव्हा सरासरी 24 तास 11 मिनिटे निघाली. म्हणजे बहुतेकांची ओढ किंचित उशिराकडे. त्यामुळे झोप पुढे ढकलणे सोपे, अलीकडे ओढणे अवघड. विमानाने पूर्वेकडे गेल्यावर जास्त त्रास होतो तो यामुळेच.

माझा मुद्दा इथे आहे. पाळी बदलायचीच असेल, तर ती सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकावी. आमच्याकडे वर्षानुवर्षे उलटे होते: रात्र, मग दुपार, मग सकाळ. झाइस्लर यांनीच अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात दर आठवड्याला मागे सरकणाऱ्या पाळ्या पुढे सरकवून पाहिल्या आणि एका गटाची पाळी तीन आठवड्यांनी बदलली. कामगार जास्त समाधानी झाले, उत्पादनही वाढले. हे 1982 मध्ये छापून आले आहे. त्यानंतरही कित्येक वर्षे आमचा तक्ता उलटाच.

दोष सगळा साहेबांचा नाही, हेही सांगतो. उलटे चक्र आम्हालाच हवे असायचे. सकाळपाळी शनिवारी दोनला सुटली की सोमवारी रात्री दहापर्यंत मोकळे, लग्नकार्ये तेवढ्यात उरकता येत. सुलट चक्रात मेख अशी, की रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला संपते आणि सोमवारी सहालाच सकाळपाळीला हजर! तिथे जादा सुट्टी दिली नाही, तर सुलट चक्राचा फायदा हाती लागत नाही. युनियन आणि व्यवस्थापन यांनी घासाघीस करावी ती या एका दिवसावर.

रात्रपाळीचा भत्ता वाढवून हे मिटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्येच घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. तब्येतीचे जाऊ द्या, स्वभावाचे काय? रात्रपाळीच्या आठवड्यात मी मुलांवर किती वेळा विनाकारण खेकसलो, ते घरच्यांना विचारा.

पुरवणीत पुढचा लेख रात्री जागणाऱ्यांसाठी द्यावा: परिचारिका, चालक, पहारेकरी, आणि हो, आपल्याच छापखान्यातले लोक.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक