बाबांना पत्र, फवारणीच्या दिवसांत

लंडन, ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मेडिकलवर बसायला चार वर्षं कशाला लागतात, तेही इतक्या दूर, असं तुम्ही विचारलं होतं. फोनवर तेवढं बोलणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एमफार्म म्हणजे इथली औषधशास्त्राची पदवी, तिची चार वर्षं, मग वर्षभर दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये प्रत्यक्ष काम, त्यानंतर नोंदणीची परीक्षा. आमचं कॉलेज ब्रन्सविक स्क्वेअरला आहे, फक्त औषधशास्त्राचं. औषधवाल्यांच्याच संस्थेनं ते 1842 मध्ये काढलं. 2012 पासून ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये आलं. त्या जुन्या काळी इथंही कुणीही दुकान टाकायचं आणि औषधाशेजारी सोमलासारखं विषही विकायचं. 1868 च्या कायद्यानं ठराविक विषं विकायचा हक्क नोंदणी झालेल्यांपुरता ठेवला. हे शिकताना मला आपलं कृषी केंद्र आठवलं. तिथं बाटली मिळते, पण तिच्यात काय आहे, अंगात गेलं तर काय करायचं, हे सांगायला कोणी बसलेलं नसतं.

यंदा मज्जासंस्थेवरची औषधं शिकतोय. मोनोक्रोटोफॉससारखं फवारणीचं विष अंगात गेलं की नसांचे निरोप थांबवणारं एक एन्झाइम बंद पडतं. मग निरोप सुरूच राहतात: लाळ, घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, आणि छातीत पाणी भरून श्वास अडतो. यावर ॲट्रोपीन देतात, लाळ-कफ आटेपर्यंत पुन्हा पुन्हा. दुसरं औषध प्रालिडॉक्सिम. ते एन्झाइम मोकळं करतं, पण उशीर झाला तर त्याचा उपयोग राहत नाही. ॲट्रोपीन आपल्या धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही असतं. म्हणून कोणी धोतरा चाटवायला निघालं तर त्याला थांबवा. त्यात ते किती आहे, हे कुणालाच मोजता येत नाही, आणि जास्त झालं तर तोच जीव घेतो.

2017 चं वर्ष तुम्हाला आठवत असेलच. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर यायचा, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी फवारणी करणारे दगावले. फवारणीची दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली असली की डॉक्टरलाही कळायला वेळ लागतो. सगळ्याच विषांवर ॲट्रोपीन चालत नाही. काय फवारलं होतं, ते आधी कळावं लागतं.

म्हणून बाबा, एवढं कराच. कुणाला चक्कर आली, मळमळलं, नजर अंधुक झाली तर आधी वावरातून बाहेर काढा, अंगावरचे कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. पंपात टाकलेल्या सगळ्या बाटल्या किंवा त्यांची लेबलं सोबत असू द्या. लेबलावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. नोझल अडला तर काका तोंडानं फुंकतात, त्यांना माझी शपथ घाला.

आई, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नकोस. ते धुताना हातात मोजे घाल.

इथं थंडी पडायला लागली आहे, पण माझी तब्येत चांगली आहे. जेवण मी स्वतःच करते. हे पत्र भाऊला मोठ्यानं वाचायला सांगा आणि शेजारच्या वावरात मजुरीनं फवारणाऱ्या पोरांनाही बोलवा. कृषी केंद्रातून यंदा काय काय आणलं, त्या लेबलांचे फोटो मला पाठवा. प्रत्येकावर काय उपाय चालतो, ते मी सरांना विचारून लिहून पाठवते.

तुमची लेक